पाळीतला रक्तस्राव थांबत का नाही?

पाळीत जास्त जातं म्हणजे नेमकं किती, असं विचारलं की बहुतेक जणी गोंधळतात. गोंधळणारच. दुसरीला किती जातं ते कुणी पाहिलेलं नसतं. तुलनेला असते फार तर आईची किंवा बहिणीची पाळी, आणि त्यांनाही तसंच जात असेल तर 'आमच्याकडे सगळ्यांना असंच आहे' म्हणून विषय मिटतो. वास्तविक घरातल्या दोघीतिघींना असं जात असेल, तर तपासून घ्यायला ते आणखी एक कारण असतं. का, ते पुढे येईल.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी शेकडो स्त्रियांची वापरलेली पॅड जमा करून त्यांतलं रक्त प्रत्यक्ष मोजलं. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं असं दिसलं, आणि ८० च्या पुढे गेलेल्या स्त्रियांच्या शरीरात लोह कमी पडू लागल्याचंही दिसलं. तेव्हापासून ८० मिलिलिटर ही रेघ पुस्तकांत आहे. पण घरी कोण मोजणार? म्हणून १९९० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक चित्रांचा तक्ता तयार केला. जेमतेम डाग पडलेल्या पॅडला १ गुण, अर्धवट भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. रक्ताच्या लहान गाठीला १, मोठ्या गाठीला ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० किंवा त्याहून जास्त झाली, तर रक्तस्राव जास्त आहे असं धरायचं. पॅडचे प्रकार आता बदललेत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, तरी एक पाळीभर असं लिहून ठेवलं तर 'बरंच जातं' या मोघम शब्दांपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आजची व्याख्या याहून सोपी आहे आणि मला ती जास्त पटते. ज्या रक्तस्रावाने बाईच्या शरीरावर, मनावर, कामावर, घराबाहेर पडण्यावर परिणाम होतो, तो जास्त रक्तस्राव. मिलिलिटर सिद्ध करण्याची गरज नाही. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, एकावर एक दोन पॅड लावावी लागणं, कपडे खराब झाले म्हणून रात्री उठावं लागणं, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांच्या पुढे पाळी चालणं, पाळीच्या तारखा बघून प्रवास आणि परीक्षा ठरवाव्या लागणं: यातलं काहीही असेल तर बोलायला हवं.

आधी, पाळी थांबते कशी?

कारणं समजून घ्यायची तर प्रश्न जरा उलटा विचारावा लागतो. पाळी का येते हे शाळेत कधीतरी शिकवलेलं असतं. ती थांबते कशी, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि जास्त रक्तस्रावाची जवळपास सगळी कारणं या थांबण्यातच कुठे ना कुठे दडलेली असतात.

दर महिन्याला गर्भाशयाच्या आतल्या बाजूला अस्तर वाढतं. पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन ते वाढवतं. मग बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं, आणि त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन त्या वाढलेल्या अस्तराला बांधून, घट्ट करून ठेवतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉनची पातळी एकदम खाली येते. अस्तराचा आधार जातो, वरचा थर सुटतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि रक्त वाहू लागतं.

आता थांबण्याचा भाग. अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी वाहिन्या आवळल्या जातात. गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो आणि वाहिन्यांना बाहेरूनही चिमटा बसतो. पाळीतल्या कळा त्याच्याच. रक्तातल्या प्लेटलेट आणि गोठवणारे घटक वाहिन्यांच्या उघड्या तोंडांशी बुचं बसवतात. शेवटी खालच्या थरातून नवं अस्तर उगवतं आणि जखम झाकली जाते. याच वेळी गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाही चालू असते. म्हणून पाळीचं रक्त एरवी पातळ राहतं. रक्ताचा वेग त्या यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेला की गाठी पडू लागतात.

म्हणजे हॉर्मोनची चढउतार वेळच्या वेळी व्हायला हवी, स्नायूला नीट आवळता यायला हवं, आतली जागा सपाट हवी, रक्त गोठायला हवं आणि अस्तर पुन्हा भरून यायला हवं. यातलं एक जरी बिघडलं तरी पाळी लांबते किंवा वाढते.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये या कारणांचे नऊ गट पाडले. पहिले चार गट डोळ्यांना दिसणारे आहेत, म्हणजे सोनोग्राफीत, दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली. उरलेले पाच तसे दिसत नाहीत. हे लक्षात राहिलं तर एक नेहमीचा घोटाळा टळतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट चांगला आला याचा अर्थ दिसणारं कारण सापडलं नाही, एवढाच. त्रास खरा आहे, आणि न दिसणाऱ्या कारणांचा शोध अजून बाकी आहे. रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, असं म्हणून परत पाठवलेल्या बायकांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

स्त्रीबीज बाहेरच पडलं नाही तर

पाळी अनियमित असेल, म्हणजे कधी दोन-तीन महिने येत नाही आणि आली की पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, तर पहिला संशय हॉर्मोनवर घ्यायचा. या बायकांमध्ये त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडलेलंच नसतं. स्त्रीबीज नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र आपलं काम करत राहतं, अस्तर वाढतच जातं. सिमेंट न घालता विटांवर विटा रचत जाव्यात तसं हे अस्तर उंच होतं पण तकलादू राहतं, आणि मग एकदम न पडता आज इथून, उद्या तिथून ढासळत राहतं. सगळीकडून एकाच वेळी सुटलेलं नसल्याने ते एकाच वेळी भरूनही येत नाही.

आयुष्यात दोन टप्प्यांवर हे आपोआप घडतं. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये मेंदू आणि बीजांडकोश यांच्यातला ताळमेळ बसायला दोन-तीन वर्षं लागतात. दुसरा टप्पा चाळिशीनंतर, पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांचा. पण 'वयाचं आहे' हे उत्तर दोन्ही टप्प्यांवर फार लवकर दिलं जातं. तेराव्या वर्षी मुलीला दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर ते वयावर ढकलून चालत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षीही नाही. दोन्ही वयांत मागे वेगळं काही असू शकतं आणि ते काय, हे खाली आलं आहे.

या दोन टप्प्यांच्या मधल्या वयात पीसीओएस, म्हणजे हॉर्मोनच्या बिघाडाने स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार, हे सगळ्यात नेहमीचं कारण. थायरॉइड कमी काम करत असेल तरी पाळी वाढते किंवा विस्कटते, म्हणून ती साधी रक्ततपासणी बऱ्याचदा सुरुवातीलाच केली जाते. प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन वाढलं, वजन झपाट्याने वाढलं किंवा घटलं, दीर्घकाळ मोठा ताण राहिला, तरीही स्त्रीबीज बाहेर पडण्याचं चक्र बिघडतं.

पिशवीतल्या गाठी

आता दिसणारी कारणं. त्यात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे फायब्रॉइड, बोलीत 'पिशवीला गाठ'. ही गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ असते. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठी गाठ झालेली असते आणि त्यातल्या कित्येकींना तिचा पत्ताही नसतो. ती कॅन्सरची निघण्याची शक्यता अगदी थोडी असते, आणि पाळी गेल्यावर या गाठी सहसा आक्रसतात.

गाठ किती मोठी, याच्या आधी ती कुठे आहे, हे विचारायला हवं. आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ दीड-दोन सेंटिमीटरची असली तरी भरपूर रक्तस्राव करू शकते. ती अस्तर ताणते, त्याचा पृष्ठभाग वाढवते, आसपासच्या शिरा फुगवते आणि स्नायूला नीट आवळू देत नाही. स्नायूच्या जाडीतल्या मोठ्या गाठींनीही रक्तस्राव वाढतो. उलट गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लटकलेली गाठ चार-पाच सेंटिमीटरची असली तरी पाळीशी तिचा बहुधा संबंध नसतो. ती दाब देईल, लघवीला वारंवार जावं लागेल, पण रक्तस्राव तिच्यामुळे होत नसतो.

एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांची बाई. दर महिन्याला ठरल्या तारखेला पाळी येते, पण सात दिवस खूप जातं. सोनोग्राफीत चार सेंटिमीटरची गाठ दिसते. डॉक्टर रिपोर्ट बघतात, गाठ आहे म्हणतात, आणि घरी सगळ्यांना कारण मिळाल्यासारखं वाटतं. पण रिपोर्टमध्ये गाठीच्या पुढे 'सबसिरोसल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या अंगाची. कारण अजून सापडलेलंच नाही. हीच बाई पहिल्या पाळीपासून असंच जात असल्याचं सांगते, दाढ काढली तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त येत होतं असंही सांगते, तर तपासाची दिशाच बदलते. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या मापाशेजारी लिहिलेला तो एक शब्द नक्की वाचावा. 'सबम्युकोसल' म्हणजे पोकळीकडची, 'इंट्राम्युरल' म्हणजे स्नायूच्या जाडीतली.

अ‍ॅडेनोमायोसिसबद्दल फायब्रॉइडइतकं बोललं जात नाही, पण चाळिशीच्या आसपास ते बरंच आढळतं. यात अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेली असते. गर्भाशय सुजल्यासारखं, जड, मऊसर होतं. रक्तस्राव तर वाढतोच, पण खरी ओळख वेदनेची: आधी फारशी न दुखणारी पाळी तिशी-चाळिशीत दर महिन्याला जास्त दुखू लागते, कंबर आणि ओटीपोट ओढल्यासारखं होतं. पूर्वी हे निदान बहुधा गर्भाशय काढून तपासल्यावरच व्हायचं. आता योनीमार्गे केलेल्या चांगल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये ते दिसतं, मात्र बघणाऱ्याची नजर सरावलेली हवी.

पॉलिप म्हणजे अस्तरातूनच वाढलेला मऊ कोंब. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. पाळी झाल्यावरही मध्येच डाग दिसणं, शरीरसंबंधानंतर रक्त येणं ही त्याची खूण. दुर्बीण आत घालून तो काढता येतो आणि बऱ्याच जणींचा प्रश्न तिथेच सुटतो.

कारण रक्तातच असलं तर

या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला, कारण हे कारण सगळ्यात जास्त निसटतं.

१९२४ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे पाच वर्षांची एक मुलगी आणली गेली. ती ऑलंड द्वीपसमूहातल्या फॉग्लो या ठिकाणची. तिला वारंवार रक्तस्राव व्हायचा, आणि तिच्या घराण्यातल्या अनेकांना तोच त्रास होता. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, प्रामुख्याने मुलग्यांमध्ये दिसतो. इथे मुलींनाही होता. १९२६ मध्ये त्यांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली.

आज त्या आजाराला फॉन विलेब्रांड डिसीज म्हणतात. प्लेटलेटना जखमेशी चिकटवणारं एक प्रथिन यात कमी असतं किंवा नीट काम करत नाही. तिच्याइतका तीव्र प्रकार दुर्मीळ आहे. सौम्य प्रकार मात्र जितका वाटतो तितका दुर्मीळ नाही. जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा त्यांच्यातल्या शंभरात साधारण १३ जणींना हा आजार निघाला. पुरुषाला सौम्य प्रकार असेल तर आयुष्यभर कळणारही नाही. बाईची मात्र दर महिन्याला परीक्षा असते. प्लेटलेटच्या कामातले दोष आणि गोठवणाऱ्या इतर घटकांची कमतरताही अशीच पाळीतून पहिल्यांदा समोर येते. हिमोफिलियाच्या 'वाहक' म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांनाही स्वतःला रक्तस्राव होऊ शकतो.

हे ओळखायला काही ठरावीक प्रश्न पुरतात. अगदी पहिल्या पाळीपासून जास्त जातंय का? बाळंतपणात, शस्त्रक्रियेत किंवा दात काढताना रक्त लवकर थांबलं नाही असं कधी झालं का? कुठे आपटल्याचं आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग उठतात का? नाकातून किंवा हिरड्यांतून वरचेवर रक्त येतं का? घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं तर रक्ताच्या गोठण्याच्या तपासण्या मागायच्या, आणि नेहमीच्या हिमोग्लोबिन-प्लेटलेटच्या मोजणीवर समाधान मानायचं नाही, कारण त्या मोजणीत हा आजार दिसतच नाही. एक बारकावा आहे: ताण, गरोदरपण आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी हे प्रथिन तात्पुरतं वाढतं, त्यामुळे एकदा रिपोर्ट चांगला आला तरी संशय दाट असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते.

निदान झालं की फरक फार मोठा पडतो. पाळीच्या दुखण्यासाठी घेतली जाणारी अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीच्या इतर गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात, म्हणून अशा बाईने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. पुढचं बाळंतपण, पुढची शस्त्रक्रिया आधी तयारी करून पार पाडता येते. लेकीची पहिली पाळी येण्याआधीच तिला तपासून घेता येतं. सुरुवातीला म्हटलं ना, घरात सगळ्यांनाच असं जात असेल तर तपासायला हवं, ते याचसाठी.

सगळं ठीक, तरीही जास्त

काही जणींची पाळी घड्याळासारखी नियमित असते, गाठ नसते, रक्त छान गोठतं, थायरॉइड ठीक असतं, आणि तरी जातं भरपूर. अशा वेळी दोष अस्तराच्या स्वतःच्या रसायनात असतो. वाहिन्या आवळणारी आणि सैल करणारी प्रोस्टाग्लँडिन यांचं प्रमाण बिघडलेलं असतं, किंवा गुठळ्या विरघळवणारी यंत्रणा गरजेपेक्षा जोरात चालते: बूच बसलं की लगेच विरघळलं. हे दाखवणारी नेहमीच्या वापरातली कुठलीही तपासणी नाही. बाकीची कारणं वगळत इथवर पोहोचावं लागतं.

ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड नावाची गोळी नेमकी या विरघळण्यालाच आवर घालते. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती शोधून काढली. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने जाणाऱ्या बायकांचा जीव वाचवणारं औषध हवं, ही उताको यांची इच्छा होती. पाळीत ही गोळी फक्त जास्त जाण्याच्या दिवसांपुरती घेतात आणि रक्तस्राव साधारण ४० ते ५० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. मात्र शिरेत गुठळी होण्याचा आजार पूर्वी झालेल्यांना ती चालत नाही, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणून घेण्याची ही गोळी नाही.

जंतुसंसर्गानेही अस्तर सुजतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, ताप आणि पाळीच्या मध्येच रक्त, असं एकत्र असेल तर तो विचार आधी करावा लागतो.

औषधं, तांबी आणि इतर काही

कधीकधी कारण आपणच सुरू केलेल्या एखाद्या उपचारात असतं. तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवल्यावर पाळी वाढते. पहिल्या काही महिन्यांत जास्तच. तिच्यासारख्याच आकाराचं, पण तांब्याऐवजी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हॉर्मोन सोडणारं साधन मात्र याच्या अगदी उलट वागतं: अस्तर पातळ ठेवून ते रक्तस्राव फार मोठ्या प्रमाणात कमी करतं, आणि जास्त रक्तस्रावावरचा एक उत्तम उपचार म्हणून वापरलं जातं. दोन्ही दिसायला जवळपास सारखी असल्याने, आपल्याला नेमकं कोणतं बसवलंय हे माहीत असायला हवं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी पाळी वाढते हे उघड आहे, तरी त्या सुरू करताना बाईला पाळीबद्दल विचारायचं राहून जातं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी प्लेटलेटवर परिणाम होतो, तर मानसिक आजारांवरची काही औषधं प्रोलॅक्टिन वाढवून पाळी विस्कटवतात. गर्भनिरोधक इंजेक्शन आणि गोळ्यांच्या सुरुवातीला, किंवा गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या तर, अधूनमधून डाग दिसतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनने अस्तर जाड होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत. आणि कुठलीही गोळी, विशेषतः रक्त पातळ करणारी, मनाने बंद करू नये. त्यात जिवाला धोका असतो.

सिझेरियनच्या जुन्या व्रणात कधीकधी खाचेसारखी जागा तयार होते. तिथे रक्त साचतं आणि पाळी संपल्यावरही काही दिवस तपकिरी डाग येत राहतात. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारांतही रक्तस्राव वाढू शकतो.

आणि एक गोष्ट या यादीत नाही, पण सगळ्याच्या आधी तपासायची असते: गर्भधारणा. पाळी काही दिवस पुढे गेली आणि मग एकदम खूप गेलं, तर तो गर्भपातही असू शकतो. गर्भनलिकेत राहिलेला गर्भही सुरुवातीला वेड्यावाकड्या रक्तस्रावाने आणि एका बाजूच्या दुखण्याने जाणवतो. गर्भ राहिलाच नसेल अशी खात्री वाटत असली तरी लघवीची चाचणी करून घ्यावी.

कॅन्सरची शंका कधी घ्यायची?

जास्त रक्तस्रावाचं कारण बहुतेक वेळा कॅन्सर नसतं. पण काही परिस्थितींत तो नाही ना, हे आधी पाहावंच लागतं. प्रोजेस्टेरॉनशिवाय नुसतं इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं अस्तरावर काम करत राहिलं, तर अस्तराच्या पेशी बदलू लागतात. आधी अतिवाढ, आणि त्यातल्या काही प्रकारांतून पुढे कॅन्सर. पीसीओएसमध्ये वर्षानुवर्षं अनियमित पाळी, लठ्ठपणा, मधुमेह, घरात गर्भाशयाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर धोका वाढतो. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढे नव्याने रक्तस्राव वाढला, किंवा त्याआधीही असे धोके असले, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात.

पाळी पूर्ण गेल्यावर, म्हणजे शेवटच्या पाळीला वर्ष उलटून गेल्यावर, रक्ताचा एक डाग दिसला तरी थांबू नये. अशा डागामागे शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींमध्ये कॅन्सर नसतो. पण पाळी गेल्यानंतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी साधारण नऊ जणींना रक्तस्राव झालेला असतो, आणि लवकर गाठला तर हा कॅन्सर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये शरीरसंबंधानंतर रक्त येऊ शकतं. तीही वाट पाहण्याची गोष्ट नाही.

लोहाचा हिशेब

कारण कोणतंही असो, नुकसान एकाच ठिकाणी साचत जातं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत दीडशे मिलिलिटर रक्त गेलं तर ७५ मिलिग्रॅम लोह गेलं. महिन्यावर विभागलं तर रोजचे अडीच मिलिग्रॅम, आणि शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषतं, ज्यातला मोठा वाटा रोजची नेहमीची घट भरून काढण्यातच जातो. हा हिशेब खाण्यापिण्याने बरोबर होत नाही. नीट खात नाहीस म्हणून अशक्तपणा आलाय, असं अशा बाईला ऐकवणं अन्यायाचं आहे.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधी साठवणीतलं लोह संपलेलं असतं, आणि ते कळतं फेरिटिन या तपासणीत. हिमोग्लोबिन १२.३ आहे म्हणून निश्चिंत असलेल्या बाईचं फेरिटिन ८ असू शकतं. जिने चढताना धाप लागणं, केस गळणं, लक्ष न लागणं, रात्री पाय तळमळणं, बर्फ किंवा माती खावीशी वाटणं, हे सगळं त्या रिकाम्या साठवणीतून येतं. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही करून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की हिमोग्लोबिन वर आल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, आणि मूळ रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर साठवण पुन्हा रिकामी होते.

डॉक्टरांकडे जाताना

दोन-तीन पाळ्यांची नोंद सोबत न्या: कधी सुरू झाली, किती दिवस चालली, कोणत्या दिवशी किती पॅड, गाठी, दुखणं, मध्येच डाग. नियमित पण जास्त, असं दिसलं तर विचार फायब्रॉइड, अ‍ॅडेनोमायोसिस, रक्ताचा आजार आणि अस्तराच्या रसायनाकडे जातो. अनियमित आणि लांबलेली असेल तर हॉर्मोनकडे. ठीक चाललेल्या पाळीच्या मध्येच डाग असतील तर पॉलिप, संसर्ग, व्रण किंवा गर्भाशयमुखाकडे. एकाच बाईला दोन कारणंही असू शकतात, ही गोष्ट तपासणाऱ्यानेही विसरून चालत नाही.

लागोपाठ दोन तासांहून जास्त वेळ दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल किंवा गर्भ असण्याची शक्यता असेल, तर नोंदवहीत लिहीत बसू नका. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठा.

आणि 'पिशवी काढून टाकू' असा सल्ला मिळाला, तर होकार देण्याआधी विचारा: माझ्या रक्तस्रावाचं कारण काय निघालं? गाठ असेल तर ती पोकळीत आहे की बाहेर? रक्ताच्या गोठण्याची तपासणी झाली का? गोळ्या, हॉर्मोन सोडणारं साधन, फक्त गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, यातलं माझ्या बाबतीत काय चालेल आणि काय नाही, आणि का नाही? काही जणींसाठी गर्भाशय काढणं हाच योग्य उपाय असतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्रासातून त्या मोकळ्याही होतात. पण ज्या बाईचं कारण रक्तात आहे तिच्यासाठी ती शस्त्रक्रियाच जोखमीची असते, आणि तिच्या रक्ताबद्दल शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिल्यांदा कळणं फार महागात पडतं.